आतली कडी

दसऱ्याच्या सकाळी गुड्डीनं बाथरूमचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं आणि आतून कडी घातली. तिचा टॉवेल माझ्या खांद्यावर, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, रोजच्यासारखी मी तयार. "तू बाहेर थांब," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता, रडं नव्हतं. दारावरच्या भाजीवाल्याला आज मेथी नको म्हणून सांगावं, तसं सांगितलं होतं. मग तांब्या बादलीच्या काठावर आपटला, पाणी सांडलं, आणि शाळेत शिकवलेलं कुठलंसं हिंदी गाणं ती मधूनच म्हणू लागली. मी तशीच उभी. कडी लहानशी आहे, ॲल्युमिनियमची, दाराच्या मधोमध. हा फ्लॅट घेतला तेव्हापासून ती ढिली आहे आणि लागताना टिक् असा अगदी क्षुल्लक आवाज करते. तो टिक् माझ्या पोटात कुठंतरी जाऊन बसला.

पाच वर्षं मी त्या अंगावर पाणी घातलं आहे. डाव्या खांद्यामागचा तीळ तिला स्वतःला अजून माहीत नाही, मला माहीत आहे. गुडघ्यावरचा व्रण कुठल्या पायरीवरचा ते मला पाठ आहे. आणि आता मध्ये हे दार होतं, निळं, खालून पाणी पिऊन फुगलेलं. दुसऱ्या एखाद्या बाईनं हसून सोडून दिलं असतं. मी सोडून देणाऱ्यातली नाही. गॅसची कळ बंद केली की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत वर येणाऱ्यातली मी. गेल्या महिन्यात शाळेत पालकांची मीटिंग झाली. इंदूरहून आलेल्या एक मॅडम सांगत होत्या, बच्चे के बर्ताव में अचानक बदलाव आए तो ध्यान दीजिए. बाप लोक मोबाइल चाळत होते, मागच्या रांगेत कोणीतरी व्हॅन उशिरा येते म्हणून कुरकुरत होतं. मॅडम आणखीही पुष्कळ बोलल्या असतील, पण मी घरी आणला तो एकच शब्द, अचानक. तेव्हापासून तो आमच्याकडे राहायलाच आला. गुड्डी अचानक दूध नको म्हणाली. गुड्डी अचानक झोपेत दचकली. आणि आज ही कडी. दाराला पाठ टेकून मी एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणू लागले. व्हॅनवाले काका, जे सगळ्या मुलांना 'चलो रे राजा लोग' म्हणून हाकतात. डान्सचे सर. खालच्या मजल्यावरचे आजोबा, जे तिला लिफ्टचं बटण दाबू देतात. सगळे भले, आणि भले म्हणूनच प्रत्येकाच्या चेहऱ्याशी मी जास्त वेळ थांबत होते, कारण मुलांना नको तिथं हात लावणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. चांगल्या माणसांना ओळीत उभं करून त्यांचे खिसे तपासावेत, असं काहीतरी माझं डोकं करत होतं. त्याची लाज वाटते. पण थांबवता येत नाही.

यशराज बेसिनपाशी दाढी करत होते. मी म्हटलं, "अहो, गुड्डीनं आतून कडी लावली."

"मग?"

"आधी कधी लावली नव्हती."

"आधी तिचा हात पोचत नव्हता, अगं." त्यांनी गाल फुगवून आरशात पाहिलं. "तू पण ना. मोठी होतेय ती. संध्याकाळी भैयासाहेबांकडे जायचंय, माझा फेटा कुठे ठेवलाय तेवढं बघ."

भैयासाहेब. यादीत घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाचं हे नाव मी घातलं नव्हतं, आणि यशराजच्या तोंडून ते निघाल्याबरोबर मला गेल्या दसऱ्याची गुड्डी दिसली, भैयासाहेबांच्या कुशीत ताठ झालेली, हात दोन्ही बाजूंना लाकडासारखे. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

दार उघडलं. गुड्डी कानात साबणाचा फेस तसाच ठेवून बाहेर आली, टॉवेल काखेत घट्ट, पायांमागे पाण्याची वाट. मी तिच्यासमोर बसले आणि फेस पुसता पुसता विचारलं, "गुड्डी, तुला कोणी काही म्हणालं का गं?"

"कोणी?"

"कोणी पण."

"काय म्हणालं?"

पुढे मला बोलताच येईना. ती वाट पाहत राहिली, मग कंटाळून फ्रॉक शोधायला गेली. मी झूलॉजीची एमएस्सी. धारच्या कॉलेजात बेडकाचं पोट फाडून, टाचण्या लावून, एकेका अवयवाचं नाव न अडखळता सांगितलेलं आहे मी, समोर बाहेरून आलेले परीक्षक, शेजारी मुलं, काही वाटलं नव्हतं. पण ती सगळी इंग्रजी नावं होती, आणि बेडकाची. घरात अंगाच्या त्या भागांना आम्ही काय म्हणत होतो? काहीच नाही. 'ते झाक.' 'नीट बस.' इथं देवासच्या बाजारात जे शब्द कानावर येतात ते शिव्यांत येतात, आणि पोथीत जे आहेत ते सोवळ्यात. मधल्या जागी, जिथं आई आणि मूल बोलतात, तिथं नुसता डोळ्यांचा धाक.

उन्हाळ्यात माझ्या नणंदेचा अंशुल राहायला आला होता, गुड्डीच्याच वयाचा. दोघं बाल्कनीतल्या टबात पाणी उडवत होती आणि गुड्डीनं भर दुपारी, पापड वाळत घालणाऱ्या आईसाहेबांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारलं होतं, अंशुल उभ्यानं शू करतो, मग मी का नाही? आईसाहेबांचा पापड हातातच फाटला. "शी! असलं विचारू नये." गुड्डीचा चेहरा मिटला. पाकळी मिटते तसा नाही, दुकानाचं शटर खाली येतं तसा. ते मला सहन झालं नाही. भीती मला कायमच असते, पण त्या दुपारी भीतीपेक्षा ते शटर मोठं वाटलं. किराणावाल्याच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी एका मुलीची आणि एका मुलाची आकृती काढली, हातपाय पसरलेल्या, हसऱ्या, आणि दोन्ही पोरांना घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसले. डोकं, कान, खांदा, कोपर. "कोहनी," गुड्डी म्हणाली. कोहनी तर कोहनी. पोट, बेंबी. आणि मग मी श्वास न घेता, आवाज न बदलता, मुलीला योनी असते, मुलाला लिंग असतं, दोघांना मागे ढुंगण असतं, त्याखाली मांडी, गुडघा, पोटरी असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. मला वाटलं छत पडेल. अंशुलनं विचारलं, "आणि टाच?" टाच राहिलीच होती. शूच्या जागा वेगवेगळ्या म्हणून करायची पद्धत वेगवेगळी, एवढं ऐकून दोघं टबाकडे पळाली. त्या दिवसापासून मात्र अंघोळी निरनिराळ्या, आणि मी हळूहळू एकेक गोष्ट सांगत गेले, भाजी चिरताना, वेणी घालताना. चड्डीच्या आतली जागा तुझी स्वतःची. डॉक्टरांनी बघायचं तर आई जवळ असताना. अंघोळ करताना दार लावायचं, कोणीही माणूस आत येता कामा नये. 'आईला सांगू नको' असं जो सांगेल, त्याचं आधी आईला सांगायचं. आणि कोणाचा पापा, कोणाची मिठी, तुला नको असेल तर नाही म्हणायचं. मी तुझ्या बाजूला असेन. ती ऐकत असायची की नाही कोण जाणे. मध्येच विचारायची, "टमाटरमध्ये बिया का असतात?"

दुपारी पुरणपोळ्या झाल्या, आईसाहेब पडल्या, आणि मी धारला आईला फोन लावला. खरं तर तिनं पाठवलेला मांडूच्या इमलीचा पुडा मिळाला हे सांगायचं होतं. इमली म्हणजे गोरखचिंच, ते बुटकं, रांजणासारख्या बुंध्याचं परदेशी झाड; त्याच्या फळातले पांढरे आंबट पिठूळ तुकडे माझ्या लेकीला पेढ्यापेक्षा आवडतात, सकाळपासून तिचा एक खिसा त्यांनीच भरलेला होता. पण फोनवर माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आई, ते मास्तर यायचे ना आपल्याकडे, बाबांचे स्नेही, तेव्हा तू मला दर वेळी कोथिंबीर का निवडायला बसवायचीस?"

हे मला कधीपासून विचारायचं होतं ते विचारेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मास्तर आले की बाहेरच्या खोलीत हशा, चहा, कॅरम, माझे भाऊ त्यांच्या अंगावर लोळताहेत, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक, नंदू, इकडे ये, कोथिंबीर निवड. कधी कोथिंबीर नसायची, तर तांदूळ. तांदूळ निवडलेले असायचे, तर आई त्यात मूठभर मूग मिसळून द्यायची आणि म्हणायची, वेगळे कर. किती राग यायचा. मुलांना खेळायला मिळतं आणि मला काम, मी मुलगी म्हणून. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत मी या कोथिंबिरीचं उदाहरण दिलं होतं आणि बक्षीस घेतलं होतं.

"हात रिकामे ठेवून पोरीनं बसू नये म्हणून," आई म्हणाली. मागे तिच्या घड्याळाचे ठोके. "तो माणूस बरा नव्हता गं," ती म्हणाली. "गालाला हात लावायचा तो काढायचाच नाही. तुझ्या बाबांना सांगून पटलं नसतं. तुला सांगायचं तर काय शब्दांत सांगू? म्हणून कोथिंबीर."

"मग भाऊ?"

"त्यांनाही बोलवायला हवं होतं," आई म्हणाली. "पण मुलांचं काही असतं असं तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हतं. देवाच्या दयेनं काही झालं नाही. मी विचारलंय दोघांना, मोठे झाल्यावर."

फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत आलं की ही पहारा देण्याची खोड माझी मीच कुठून तरी उचलली. ती तर आईची. हिरवी, ओली, देठाला माती लागलेली. तिच्याकडे शब्द नव्हते तर तिनं भाजी वापरली. माझ्याकडे शब्द आहेत, थोडे, अडखळते, पण आहेत. मग सकाळी ते कुठे गेले होते?

संध्याकाळी भैयासाहेबांकडे निघालो. ते माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ. सासरे गेल्यापासून घरातले वडील तेच. वीज मंडळातून निवृत्त झाले त्यालाही आता जमाना झाला. ए.बी. रोडच्या मागच्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनीतून टेकडीवरचे दिवे दिसतात. आमच्या घराण्यात दसऱ्याला सोनं वाटण्याआधी नजराणा होतो. दरबार गेला, मानपान गेले, घोडा तर कोणी पाहिलेलाही नाही, पण रीत राहिली आहे. भैयासाहेब गुलाबी फेटा बांधून सोफ्यावर बसतात, वर पंखा, मागे फ्रिज. मोठ्यांतला एकेकजण, वडीलकीच्या क्रमानं, पुढे होऊन रुमालाच्या घडीवर चांदीचा जुना रुपया ठेवून दोन्ही हातांनी समोर धरतो. भैयासाहेब दोन बोटं रुपयाला लावतात, म्हणतात, "पावला," आणि रुपया परत. तोच रुपया घरी जाऊन देवघरातल्या डबीत बसतो, पुढच्या दसऱ्यापर्यंत. मुलांकडे रुपया नसतो. मुलांचा नजराणा म्हणजे पापा. भैयासाहेब वाकून उजवा गाल पुढे करतात, मूल पापा देतं, "पावला," आणि हातावर तीळ-गुळाच्या गजकाची वडी. यशराजनं दिलेत, त्यांच्या वडिलांनी त्यांच्या वेळच्या थोरल्यांना दिलेत. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

जिना चढताना गुड्डीनं माझं बोट धरलं होतं. मी तिच्या तळव्यावरून काही कळतंय का बघत होते. तळवा इमलीनं चिकट होता, बाकी काही नाही.

आईसाहेबांचा नजराणा झाला, यशराजचा झाला. काकीसाहेब, भैयासाहेबांच्या पत्नी जमुनाबाई, गजकाचं ताट घेऊन सोफ्याच्या हातावर टेकल्या होत्या. काकीसाहेबांचे भाऊ गोपाळराव खुर्चीतून प्रत्येकावर शेरे मारत होते. "यशराज, फेटा बांधलास की पट्टी केलीस डोक्याला?" गोपाळरावांचा नातू मनन पुढे झाला, पापा दिला, बाहीनं तोंड पुसलं, गजक घेऊन पळाला. "पुढचे सरदार?" भैयासाहेब म्हणाले आणि वाकले.

गुड्डी जागची हलली नाही.

"ये गं, ये बेटा," काकीसाहेब म्हणाल्या.

"मी नाही देणार."

आईसाहेबांनी हसून तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात हळूच ढकलू लागला. "दे गं बाळ, आजोबा आहेत ना? सणाच्या दिवशी असं करतात का?" "अगो बाई, भैयासाहेबांना नाही म्हणते!" काकीसाहेब. "आजकालची पोरं भिया, बापाला नाही ऐकत, हे तर आजोबा," गोपाळराव, ज्यांच्या इंदुरी बोलीत प्रत्येकजण भिया, म्हणजे भाऊ. भैयासाहेब वाकलेलेच, गाल तसाच पुढे, मिशा पांढऱ्या, कानाजवळ फेट्याचं टोक. मी त्या गालाकडे पाहत होते. सकाळपासूनचे सगळे चेहरे मिटले आणि हा एकच उरला, आणि माझ्या मनानं त्याचेही खिसे उलटे केले. या घरात ती यांच्याजवळ एकटी कधी होती? गणपतीत? नाही, मी होते. रंगपंचमीला? यशराज होते. कधीच नाही. एकदाही नाही. मग का? आणि मग मला दिसलं की गुड्डी भैयासाहेबांकडे बघतच नाहीये. ती माझ्याकडे बघतेय. डोळे न मिटता, पारख करणाऱ्या बाईसारखी. कॅलेंडरवर काढलेली ती आकृती, वेणी घालताना बोललेली ती वाक्यं, टमाटरच्या बियांच्या मध्ये मध्ये, सगळी तिनं ऐकली होती. आता ती माझं शेवटचं वाक्य, मी तुझ्या बाजूला असेन, खरं आहे का ते बघत होती. मी आता 'दे गं' म्हटलं, तर पुढे कधी खरोखर काही झालं, तेव्हा ती कोणाला सांगेल? एवढंच होतं सगळं. त्या गुळगुळीत फरशीवर, गजकाच्या ताटापुढे, एवढंच पणाला लागलं होतं.

"आईसाहेब, राहू दे," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही, पण निघाला. "तिला नको आहे. भैयासाहेब, आज ती पापा देणार नाही."

आईसाहेबांचा हात पाठीवरून निघाला. लग्न होऊन आल्यापासून या खोलीत मी 'हो' आणि 'चहा टाकू का' याशिवाय काही बोलले नसेन. भैयासाहेब सावकाश सरळ झाले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुड्डीकडे.

"का बरं सरकार? आमच्यावर नाराजी?"

"नाही," गुड्डी म्हणाली. "तुमची मूंछ चुभते."

गोपाळराव हसले, मग इतर हसले नाहीत म्हणून थांबले. भैयासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं, जणू पहिल्यांदाच. "चुभत असेल," ते म्हणाले. "आमच्या आजोबांची दाढी चुभायची. काट्यांचं कुंपणच. पण सांगायची आमची छाती नव्हती." "पण सरकार, नजराणा तर हवा. रीत आहे. मग काय देता?"

गुड्डीनं विचार केला. फ्रॉकच्या खिशात हात घातला. "मला रुमाल पाहिजे."

यशराजनं मुकाट्यानं आपला रुमाल दिला. तिनं तो सोफ्याच्या कडेवर पसरून घडी घातली, वाकडी, पुन्हा घातली. त्यावर खिशातला एक पांढरा तुकडा ठेवला, मांडूच्या इमलीचा, एका बाजूनं चघळलेला. मग दोन्ही हातांवर रुमाल घेऊन, मान लववून, अगदी आईसाहेबांसारखी उभी राहिली. इतक्या दसऱ्यांत ती हे सगळं बघत होती, आणि आम्हाला वाटायचं की तिचं लक्ष गजकाकडे आहे.

भैयासाहेबांनी दोन बोटं लावली. "पावला." आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तुकडा उचलून तोंडात टाकला.

"ए!" गुड्डी ओरडली. "परत द्यायचा असतो!"

आता मात्र सगळ्यांचाच हसण्याचा बांध फुटला. गोपाळराव मांडीवर थाप मारत म्हणाले, "बुडाला भिया, दरबार बुडाला! नजराणा खाऊन टाकला!" काकीसाहेब पदरानं डोळे पुसत होत्या. "लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघतेय हो. यांना साखरेमुळे गोड बंद, तर आता पोरांचं आंबट पळवायला लागले." भैयासाहेबांचे डोळे आंबटानं बारीक झाले होते. त्यांनी तोंडातून काळं बी काढलं आणि गंभीरपणे रुमालावर ठेवलं. "घ्या. जेवढं उरलं तेवढं परत."

"छी, उष्टं," गुड्डी म्हणाली, पण बी घेतलं. गजकही घेतला.

परतताना आईसाहेब गाडीत पुढे बसल्या, यशराजच्या शेजारी. मीठा तलाव मागे पडला. मला त्यांची पाठ दिसत होती आणि तिच्यावरून मी काय काय वाचत होते. मग त्या समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "चारचौघांत असं बोलणं मला नाही बाई जमलं असतं." मी गुड्डीचा फ्रॉक सारखा केला. "ते गोपाळराव," त्या म्हणाल्या, "येता जाता पाठीवर थाप मारतात. किती वर्षं झाली. मला मुळीच आवडत नाही." यशराजनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. आईसाहेबांनी खिडकीची काच थोडी खाली केली, आणि विषय संपला.

गुड्डी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती. मी म्हटलं, "भैयासाहेबांची मिशी टोचते, म्हणून नको म्हणालीस?"

"हो. आणि तंबाखूचा वास."

"अजून काही?"

"अजून काय?" तिनं मान वर केली. तिला खरंच उत्सुकता वाटत होती, अजून काय असतं. आणि तेव्हा माझ्या पोटातलं ते टिक् सुटलं. मी सकाळपासून एखादं भयंकर कारण शोधत होते, जणू त्याशिवाय 'नाही'ला वजनच नाही. मिशी टोचते. एवढं पुरतं. एवढ्याशा 'नाही'ला आज सगळ्यांनी वाट दिली, तर उद्याचं मोठं 'नाही' तिच्या गळ्यात अडकणार नाही. इंदूरच्या त्या मॅडमचं पुढचं वाक्य तेव्हा कुठं मला आठवलं. डरिए मत, बात करते रहिए. ते मी तिथंच खुर्चीवर विसरून आले होते.

"आणि सकाळी कडी का लावलीस?"

"तूच सांगितलंस ना. अंघोळ करताना दार लावायचं, कोणी माणूस आत नाही येणार."

"पण मी तर आई आहे."

"तू पण माणूसच आहेस," गुड्डी म्हणाली, आणि खिशातला शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

यशराज इतके हसले की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मीही हसले, आणि हसता हसता आत कुठंतरी एक बारीकशी कळ आली, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. पण साबणावरून पाय घसरला आणि कडी आतून, तर मी पोचणार कशी? ही माझी काळजी काही जायची नाही. म्हणून घरी आल्यावर आम्ही दोघींनी ठरवलं. दार लावायचं, कडी नाही. मी विचारल्याशिवाय आत येणार नाही. "पक्का?" "पक्का." केस धुवायच्या दिवशी मात्र मला बोलवायचं, कारण फेस कानात राहतो. हे तिनं जरा घासाघीस करून मान्य केलं. मग मी विचारलं, आता मी तुझा एक पापा घेऊ का? तिनं टमाटरच्या बियांवर करायची तसा विचार केला आणि म्हणाली, "आज एकच."

आता दिवाळी तोंडावर आली आहे. सकाळी पाणी गार असतं, गीझर लागतो. गुड्डी आत जाते, दार ओढून घेते, फुगलेलं दार चौकटीत कुरकुरत बसतं. टिक् होत नाही. मी समोर पाटावर बसते, आणि रिकामे हात मला जमत नाहीत, म्हणून ताटात काहीतरी घेते. आज बाजारातून जुडी आली होती, ओली, देठाला माती लागलेली.

"आई, बाहेर आहेस ना?"

"आहे."

"काय करतेस?"

"कोथिंबीर निवडतेय."

"बरं. तिथंच थांब. पण आत नको येऊ."

पाणी पडत होतं, गाण्याची मधलीच ओळ चालली होती. दाराला कडी नव्हती. जरा ढकललं की उघडलं असतं. मी पुढची काडी उचलली.